मामाचा खिळा

लांबेर्तो केफी गेला तो रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना. आयुष्यभर ज्याने कुणाच्या कामात खोळंबा केला नाही, त्याने मरतानाही कुणाला उठवलं नाही, असं बायका म्हणाल्या. पण एकदा डोळे मिटल्यावर मात्र त्याने अख्ख्या हाऊमेतान गावाचा खोळंबा करून ठेवला. पेटी तयार होती. पाद्रीबाबा येऊन पाणी शिंपडून गेले होते. दवाखान्यातल्या बाईंनी शरीर टिकायचं औषध टोचलं होतं, पेटीखाली कॉफीची पूड पसरली होती, पाहुण्यांसाठी मका नि वाल शिजवून शिजवून चुलीपाशी बसलेल्या बायका दमल्या होत्या. झाकण तेवढं भिंतीला टेकून उभं होतं. त्याला कुणी हात लावेना, कारण पेटीचा पहिला खिळा मारायचा तो मामाच्या घरच्याने.

या डोंगरात मामाशिवाय पान हलत नाही. बाळाला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आणायचं, बोलवा मामाला. लग्न ठरवायचं, विचारा मामाला. आणि माणूस मेलं की ज्या घराने आपली लेक देऊन त्याला हाडमांस दिलं, त्या घराला विचारल्याशिवाय ते हाडमांस मातीत घालायचं नाही. घातलं तर मेलेला वाटेतच अडकतो आणि मागे राहिलेल्यांना सुख लागू देत नाही. पाद्रीबाबांना हे सगळं खुळचटपणाचं वाटतं. पण त्यांच्या स्वतःच्या वडिलांची पेटीसुद्धा मामेभाऊ येईपर्यंत उघडीच होती, हे गावाला ठाऊक आहे.

लांबेर्तोचे मामा कधीच वारले होते. खिळ्याचा मान त्यांच्या मुलाकडे, युस्तुस तानेओकडे आला होता. युस्तुसचं गाव नूनफातू काही सातासमुद्रापार नाही. लांबेर्तोच्या बायकोच्या, बाल्बिनाच्या घराच्या मागल्या दारातून त्या गावाच्या गोल घरांचा धूर दिसतो. पण मधे नदी, नदीवर दोन देशांच्या चौक्या, आणि गेल्या कापणीपासून दोन घरांमध्ये शब्द नाही. बाल्बिनाने तर ते मागलं दार त्या दिवसापासून लावूनच घेतलं होतं. तिला विचाराल तर तिच्या नवऱ्याला खोकल्याने नाही, युस्तुसने मारलं होतं. आणि आता त्याच्याच हातच्या खिळ्याची वाट बघत ती पेटीच्या उशाशी बसून माश्या वारत होती.

हद्दीची गोष्ट इथली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. फार पूर्वी अलीकडे पोर्तुगीज साहेबाचं राज्य होतं, पलीकडे डच साहेबाचं. दोघांनी ठरवलं, नदी ही आपली हद्द. ठरवायला काय जातं? नदी डोंगरातून उतरली की तिचे दोन फाटे होतात आणि खाली जाऊन ते पुन्हा एक होतात. मधे जी सपाट, काळी, पाणथळ जमीन राहते तिला ओएमोलो म्हणतात. पोर्तुगीज साहेब मोजायला आला ऐन उन्हाळ्यात. अलीकडचा फाटा कोरडा ठणठणीत होता, त्याने तो ओलांडला तरी त्याला कळलं नाही. पलीकडच्या फाट्यात पाणी दिसलं, म्हणाला हीच नदी. डच साहेब आला पावसात. तो पलीकडचा फाटा होडीने उतरून, ओएमोलोतून चालत अलीकडच्या फाट्यापर्यंत आला, तिथे होडी नव्हती, फाटा दुथडी भरलेला बघून पाण्यात पाय घालायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणाला हीच नदी. दोघांनी एकाच कागदावर सह्या ठोकल्या आणि आपापल्या देशी जाऊन मेले. राज्यं गेली, कागद राहिला.

आता दोन्हीकडे नवी सरकारं आहेत, आणि ती त्याच कागदावरून भांडतात. शेवटी त्यांनी एवढंच ठरवलं की निकाल लागेपर्यंत ओएमोलोत कुणी राहायचं नाही, पेरायचं नाही, बांधायचं नाही. लांबेर्तो तरीही पेरत राहिला. त्याचा बाप पेरत होता म्हणून तो पेरत होता, यापलीकडे त्याच्याकडे कारण नव्हतं. त्याची आई, नाव बी सोपो, नूनफातूची लेक. लग्न होऊन नदी उतरून आली ती पदराला भाताचं बियाणं बांधून. तांबडा दाणा, टोकाला काळं कुसळ. ते बियाणं ओएमोलोत असं रुजलं की दुसरं कुणी पेरेना. म्हातारी तिथेच चिंचेखाली पुरलेली होती. तिच्यावर साधा नदीतला एक दगड होता.

इथे माणूस जिवंतपणी पत्र्याखाली राहतो, पण मेल्यावर त्याला फरशीचं घर लागतं. लांबेर्तोने आईच्या थडग्यासाठी दिलीहून, म्हणजे राजधानीतून, जहाजाने निळ्या फरश्या आणल्या होत्या. "आईला होऊन उरल्या तर मला," असं म्हणायचा. फरश्या आल्या आणि बांधायची बंदीही आली. तेव्हापासून त्या पलंगाखाली पडून होत्या. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलवेना, तेव्हाही त्याने हात खाली सोडून त्या चाचपल्या होत्या. बाल्बिनाला सांगायची गरज नव्हती. त्याला आईच्या पायाशी जायचं होतं, आणि मामाच्या हाताने जायचं होतं. एवढं एकच मागणं त्याने जन्मात केलं होतं, आणि तेच तिच्या हातात नव्हतं.

सोमवारी दुपारी चौकीचे आमारो साहेब आले. देशाच्या दुसऱ्या टोकाचा तरुण माणूस, बूट दाराबाहेर काढून आला एवढं चांगलं केलं.

"बाई, सरकार तुमच्या दुःखात सहभागी आहे," ते म्हणाले.

"मग सरकारनं बसावं," असं म्हणून लांबेर्तोच्या थोरल्या बहिणीने, रेजिनाने, पाट सरकवला. रेजिनाने लग्न केलं नव्हतं. तिची जीभ कुठल्या सासरी खपली नसती असं गाव म्हणायचं, आणि ती स्वतःही म्हणायची.

साहेबांनी कॉफी घेतली, पेटीकडे बघून क्रूस केला आणि मग मुद्द्यावर आले. "सिमेंट आमचं, वाळू आमची, माणसं आमची. छान मोठं थडगं बांधू, वर झेंडा लावू. पलीकडच्या फाट्याच्या अगदी काठावर जागा बघून ठेवलीय. बांधायची बंदी आहे खरी, पण थडग्याला कोण हात लावतंय? बुधवारी दोन्ही राजधान्यांतून मोजणीचं कमिशन येतंय. त्यांना दिसू दे की आमचा नागरिक तिथं झोपलाय."

"तिथं त्याची आई नाही," बाल्बिना म्हणाली.

"त्या कुठं आहेत?"

"चिंचेखाली. अलीकडं."

"अलीकडं पुरून काय उपयोग, बाई? ते पलीकडच्या काठावरच हवं."

बाल्बिनाने पंखा खाली ठेवला. "साहेब, माझा नवरा जन्मभर कुणाच्या अध्यात नव्हता ना मध्यात. आता मेल्यावर त्याला तुमच्या चौकीवर पहाऱ्याला उभा करायचा?"

"आणि पगार काय देणार?" रेजिना म्हणाली. "सुट्टी कधी?"

साहेबांचे कान लाल झाले. "मी वाईट माणूस नाही हो. वरून फोन येतात." मग म्हणाले, "आणि त्या खिळ्यासाठी किती दिवस उघडं ठेवणार? पलीकडचे येणार आहेत का? ज्यांनी तुमचं पीक कापलं ते? पाद्रीबाबा मारतील की खिळा."

"पाद्रीबाबा स्वर्गाचं बघतात," रेजिना म्हणाली. "खिळ्याचं मामा बघतो."

ते बूट घालून गेले. साहेबांनी पिकाचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला. गेल्या कापणीला नूनफातूची माणसं विळे घेऊन ओएमोलोत उतरली होती. त्यांच्याकडच्या कुणा साहेबाने सांगितलं होतं, जमीन आपली तर पीकही आपलं. पुढे युस्तुस होता. ज्याच्याबरोबर लांबेर्तो लहानपणी याच नदीत म्हशींच्या पाठीवर बसून पोहला, तो युस्तुस. लांबेर्तो आपला विळा घेऊन बांधावर उभा होता. त्याने शिवी दिली नाही, हाक मारली नाही. विळा खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, "चल, घरी जाऊ." त्या विळ्याला नंतर तिथेच गंज चढला. आणि लांबेर्तोचा खोकला त्याच पावसात सुरू झाला.

"वहिनी," रेजिना म्हणाली, "पानाचा डबा भर. मी जाऊन येते."

"त्याच्या दारात?"

"त्याच्या कशाला? माझ्या मामाच्या दारात."

मामाकडे मरणाचं बोलावणं तोंडी जात नाही, पानाच्या डब्यातून जातं. पुढच्याने पान उचलून तोंडात घातलं की तो आला असं समजायचं. बाल्बिनाने माडाच्या पात्यांचा विणलेला डबा काढला, पानं पुसून ठेवली, सुपारी ठेवली. चुन्याची डबी हातात घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली. चुन्याशिवाय पान पाठवणं म्हणजे तोंडावर थुंकणं. तिला तेच करायचं होतं. रेजिना दारात डोक्याला फडकं बांधत तिच्याकडे बघत होती. बाल्बिनाने पेटीत पाहिलं. नवऱ्याचं तोंड औषधाने जरा सुजलं होतं आणि त्यामुळे तो उगाच समजूतदार दिसत होता. तिने चुना डब्यात घातला.

रेजिना नदी उतरून गेली. दोन्ही चौक्यांवरच्या पोरांनी तिला अडवलं नाही. तिला अडवून आधी एकाने ऐकून घेतलेलं होतं. संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परत आली.

"काय झालं?"

"डबा ठेवून घेतला."

"पान खाल्लं?"

"खाल्लं नाही."

"मग डबा परत का नाही आणलास?"

"दिला नाही त्यानं. मांडीवर घेऊन बसला होता. मी निघाले तरी बसलाच होता."

"याचा अर्थ काय, वन्सं?"

"त्याला ठाऊक नि देवाला," रेजिना म्हणाली. "त्याच्या बायकोनं मात्र पाणी दिलं. गोड होतं त्यांच्या विहिरीचं."

मंगळवारी घरात वास यायला लागला. कॉफीची पूड बदलली, उदबत्त्या लावल्या, तरी लहान पोरं आत यायला कुरकुरू लागली. मुलगी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेली होती. ती फोनवर रडून रडून म्हणाली, "आई, बाबांना असं ठेवू नकोस ग." भाऊबंदांत थोरले अग्नेलो काका होते. ते बराच वेळ अंगणात काठीने रेघोट्या ओढत बसले आणि मग आत आले.

"सुनबाई, उद्या दुपारपर्यंत बघू. नाही आले तर चर्चमागं जागा आहे. खिळा मी मारतो. पाप लागलं तर मला लागेल, माझे असे किती दिवस राहिलेत?"

"काका, त्याला चर्चमागं नको होतं."

"ठाऊक आहे ग मला. पण तो आता माणसासारखा राहिला नाही बघ." म्हाताऱ्याने पेटीच्या कडेला हात लावला. "लहान असताना माझ्या खांद्यावर बसायचा."

बाल्बिना रडली नाही. तिला युस्तुसचा इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती. त्याने डबा फेकून दिला असता तर निदान एक काहीतरी कळलं असतं. मांडीवर घेऊन बसला म्हणे. बसायला काय, कोंबडीही बसते.

बुधवारी सकाळी कमिशनच्या पांढऱ्या गाड्या दोन्ही बाजूंनी ओएमोलोत उतरल्या. दिलीच्या एक बाई होत्या, जाकार्ताचे एक चष्मेवाले गृहस्थ होते, बरोबर तिवईवरचं मोजायचं यंत्र होतं. यंत्र चिंचेजवळच रोवलं, कारण सावली तेवढीच होती. आणि ते लोक डोळा लावून बघताहेत तोच नूनफातूच्या वाटेने माणसांची रांग उतरताना दिसली. पुढे पुरुष, काळे कपडे, खांद्यावर विणलेलं वस्त्र. मागे बायका, डोक्यावर टोपल्या. एरवी त्यांच्या चौकीने अडवलं असतं, नाहीतर आपल्या चौकीने. पण कमिशनच्या डोळ्यांदेखत मयताला निघालेल्या माणसांना अडवणार कोण? दोन्हीकडचे शिपाई एकमेकांकडे बघत राहिले आणि रांग मधून निघून आली.

हाऊमेतानच्या अंगणात ती रांग थांबली. मामाकडचे लोक सरळ आत शिरत नाहीत. आधी ते रागावतात आणि घरच्यांनी मान खाली घालून ऐकायचं असतं. अग्नेलो काकांनी दंडाचा बोकड आधीच बांधून ठेवला होता.

युस्तुस पुढे आला. वर्षभरात तो खूप उतरला होता. ठरलेले शब्द त्याने खालच्या आवाजात म्हटले. "आमचं माणूस आजारी पडलं तेव्हा आम्हाला का कळवलं नाही? आमच्या आत्याचा लेक तुमच्याकडं ठेवला होता. असा सांभाळलात?"

अग्नेलो काका "चुकलो" म्हणायला उभे राहिले. पण त्यांच्या आधी बाल्बिना पेटीजवळून उठून दारात आली.

"कळवलं होतं," ती म्हणाली. "गेल्या कापणीला कळवलं होतं, भावोजी. त्यानं तुमच्यासमोर विळा खाली ठेवला तेव्हाच तो आजारी पडला. तुम्ही सगळ्यांच्या पुढं होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

असं कधी कुणी बोललेलं नव्हतं. मामाच्या तोंडाला तोंड देणं या डोंगरात कुणाला सुचत नाही. अंगणातली माणसं आता रांग मागे फिरणार म्हणून बघत राहिली, आणि फिरली असती तर कुणी दोषही दिला नसता. युस्तुस मागे वळला. त्याने बायकोला हाक मारली.

"ओर्पा, टोपली आण."

मामाच्या घरून मयताला तांदूळ येतो. सडलेला, पाखडलेला, पांढरा. ओर्पाने टोपली बाल्बिनाच्या पायाशी ठेवून फडकं काढलं तर आत सालासकट भात होतं. बायकांत कुजबुज झाली. एवढ्या दिवसांत यांना चार पायल्या सडायला झालं नाही? बाल्बिनाने वाकून मूठभर उचललं. तांबडा दाणा. टोकाला काळं कुसळ. तिच्या सासूचं बियाणं, तिच्या शेतातलं पीक. ती मूठ ती युस्तुसच्या तोंडावर फेकणार होती.

तेवढ्यात मुठीतून एक सोंडा निघून तिच्या मनगटावर चढला. मग दुसरा. तिने टोपलीत हात खोल घातला. भातात किडे वळवळत होते, काही दाण्यांना भोकं पडून नुसती टरफलं राहिली होती.

या डोंगरात भाताला कीड लागत नाही. कापून आणलेलं भात गोल घराच्या माळ्यावर, चुलीच्या बरोबर वर जातं, आणि बारा महिने धूर खातं. त्या माळ्यावर फक्त घरची बाई चढते. नवरासुद्धा नाही, सासराही नाही. तिने वर घेतलं ते घरचं झालं. ज्या भातात सोंडे आहेत ते कुठल्याच माळ्यावर चढलेलं नाही, हे बाल्बिनाला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने ओर्पाकडे पाहिलं.

"मी वर घेतलं नाही," ओर्पा म्हणाली. "यांना म्हटलं, दुसरीच्या माळ्यावरचं बियाणं माझ्या माळ्यावर चढायचं नाही. शिजवलं पण नाही वहिनी, शपथेवर सांगते. पडवीत पोत्यात पडून होतं. थोडं उंदरांनी खाल्लं, त्याला मात्र माझा इलाज नाही."

"साहेब म्हणाले, जो येणार नाही तो तिकडचा," युस्तुस बोलायला लागला. त्याचे शब्द आता ठरलेले नव्हते. "मी भ्यालो, वहिनी. पुढं गेलो म्हणजे कुणी माझ्यावर संशय घेणार नाही असं वाटलं. दादा उभा होता. मी त्याच्याकडं न बघता कापत गेलो. परवा डबा आला तेव्हा पान तोंडात घालवेना. बाजारातून पांढरा तांदूळ आणता आला असता. पण मामाच्या घरचा म्हणून हाच आणायचा होता. आता तुम्ही हाकललंत तरी चालेल."

बाल्बिनाचा राग गेला असं म्हणणं खोटं होईल. तो पुढेही बरीच वर्षं अधूनमधून येत राहिला, पाहुण्यासारखा. पण वर्षभर डोळ्यांसमोर पीक पडून असताना एका बाईने त्यातला दाणा शिजवला नव्हता आणि एका पुरुषाने रोज त्या पोत्यावरून ये-जा केली होती, हे तिला त्या किड्यांनी सांगितलं. तिला एकदम रडू फुटलं, तीन दिवस अडलेलं. पदराने तोंड पुसून ती दारातून बाजूला झाली.

"आत या, भावोजी," ती म्हणाली. "तुमचा दादा वाट बघून थकलाय."

युस्तुसने खांद्यावरचं वस्त्र काढून लांबेर्तोच्या अंगावर घातलं, कडा नीट सारख्या केल्या. झाकण ठेवलं. त्याचा पहिला घाव चुकला आणि खिळा वाकला. अग्नेलो काकांनी दुसरा पुढे केला, पण त्याने तोच दगडावर ठोकून सरळ केला आणि मारला. खिळा आत गेल्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला, आणि मग कुठे बायकांनी गळा काढला.

पेटी ओएमोलोत उतरली ती दोन्ही गावांच्या खांद्यावरून. मागून बायकांच्या डोक्यावर निळ्या फरश्या. बाल्बिनाने पलंगाखालून एकूण एक बाहेर काढायला लावल्या होत्या. चिंचेजवळ आमारो साहेब आडवे आले, आणि पलीकडच्या चौकीचा सार्जंटही आला. फरश्या बघून दोघांच्याही तोंडून एकच निघालं, "इथं बांधता येणार नाही." त्या चौक्या झाल्यापासून दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

"सोमवारी तर तुम्ही सिमेंट देत होतात," रेजिना म्हणाली.

"काठावर, बाई," आमारो साहेब कळवळून म्हणाले, आणि सार्जंटाने त्यांच्याकडे रोखून बघितल्यावर गप्प झाले.

कमिशनची माणसं यंत्र सोडून जवळ आली. दिलीच्या बाईंनी पिशवीतून कागद काढला, जाकार्ताच्या गृहस्थांनी त्यात डोकं घातलं. दोघं हळू आवाजात बोलत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "पुरायला आमची ना नाही. आईजवळ पुरताय, त्यात कुणाचं काय जातं? पण जमिनीच्या वर काही दिसता कामा नये. ओटा नाही, फरशी नाही. वर काही उभं राहिलं की उद्या त्यावरून पत्रं सुरू होतील, आणि मग ते उखडायला माणसं येतील. तसं व्हायला नको."

हे त्या भल्या मनाने सांगत होत्या, ते दिसत होतं. बाल्बिना फरश्यांकडे बघत राहिली. जहाजातून आणताना एकही फुटू नये म्हणून लांबेर्तोने त्या आपल्या अंथरुणात गुंडाळल्या होत्या.

"वर काही नको?" तिने विचारलं.

"वर काही नको."

"आणि खाली?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. कागदात खालचं काही नव्हतं. चष्मेवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"खालचं बघायला आम्ही येत नाही, आजी," ते म्हणाले, आणि यंत्राकडे परत गेले.

मग पहारी चालल्या. नूनफातूच्या आणि हाऊमेतानच्या तरण्यांनी मिळून खड्डा खणला, नेहमीपेक्षा रुंद. युस्तुस आत उतरला. ओली माती लावून लावून त्याने तळाला फरश्या बसवल्या, मग चारी बाजूंना. सिमेंट नव्हतं, पण काळी माती चिकट होती. अग्नेलो काका वरून एकेक फरशी पुसून देत होते. एकही उरली नाही, उलट थोड्या कमीच पडल्या. कोपऱ्यात थोडी माती उघडी राहिली, तिथे बी सोपोची बाजू होती, म्हणून तशीच ठेवली. आतून सगळं निळं झालं.

"नहाणीघर केलंत की माझ्या भावाचं," रेजिना वाकून बघत म्हणाली. "बरं झालं. आंघोळीचा आळशी होता." आणि हे बोलून ती जी खाली बसली ती दोघींनी धरून उठवावी लागली.

पेटी उतरली. पहिली माती युस्तुसने टाकली. वर जमीन सारखी केली, पायांनी दाबली, उंचवटासुद्धा ठेवला नाही. नदीतला एक चपटा दगड तेवढा म्हातारीच्या दगडाशेजारी आला. दगड ही बांधकामाची वस्तू आहे असं दोन्ही चौक्यांपैकी कुणी म्हटलं नाही. नंतर कमिशनने तिथला फोटो काढला. त्यात चिंच आहे आणि मोकळी जमीन आहे.

मयताचं जेवण झाल्यावर नूनफातूची माणसं परतायला निघाली. रेजिनाने त्यांच्याबरोबर बोकड दिला आणि आपला पानाचा डबाही आठवणीने मागून घेतला. मामाकडची टोपली रिकामी पाठवत नाहीत. मागे राहिलेल्या बायका टोपली आल्यापासून अंगणात सुपं घेऊन ते भात पाखडत, निवडत होत्या. कीड गेली, टरफलं उडाली, राहिलं ते निम्म्याहून कमी. त्यातले दोन वाटे केले होते. एक बाल्बिनाने स्वतःच्या माळ्यावर चढवला. दुसरा ओर्पाच्या टोपलीत घालून वर फडकं बांधलं.

ओर्पा घाबरली. "वहिनी, हे परत देता?"

"परत नाही ग. हे मी तुला देतेय. आता घरी गेलीस की वर घे. चुलीच्या बरोबर वर ठेव."

"आणि पेरायचं कुठं?"

बाल्बिनाने खाली ओएमोलोकडे पाहिलं. तिवई अजून तिथेच उभी होती आणि तिच्याभोवती माणसं हात हलवून बोलत होती.

"त्यांचं कधी ठरायचं ते ठरू दे," ती म्हणाली. "तोवर आपण किडू द्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मागलं दार उघडलं. वर्षभर बंद असल्याने ते फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. पलीकडच्या उतारावर नूनफातूची गोल घरं होती. त्यातल्या ओर्पाच्या घराच्या छपरातून धूर निघत होता, दाट, ओल्या लाकडांचा. बाल्बिना उंबऱ्यात बसली आणि तो धूर बघत तिने सकाळची कॉफी घेतली.